न दिलेला निरोप

साइटवर दोन पिढ्यांची माणसं सांभाळायची म्हणजे दोन डगरींवर पाय. पोरांना सगळं मोबाइलवर हवं, म्हाताऱ्यांना तोंडावर सांगितलेलंच खरं. सुपरवायझरने त्यावर तोड काढली होती: निरोप ग्रुपवर टाकायचा आणि आबांना मात्र जाऊन सांगायचा. आबा म्हणजे साइटवरचे सगळ्यात जुने गवंडी. त्यांच्याकडे बटणांचा फोन, तोही सुनेने गळ्यात अडकवून दिलेला.

त्या दिवशी इंजिनिअरबाईंचा निरोप आला, जिन्याजवळच्या भिंतीला प्लास्टर नको, आतून वायरींचा पाइप जायचाय. सुपरवायझरने तो ग्रुपवर ढकलला, पोरांचे अंगठे पटापट वर आले आणि गडी निर्धास्त झाला. आबांकडे जायचं साफ राहून गेलं. आबांनी संध्याकाळपर्यंत भिंत अशी घोटली, की बघत राहावं.

सकाळी इंजिनिअरबाई कडाडल्या, "हे कोणी केलं? सांगितलं नव्हतं?"

अहो, खरं बोलायला काय लागत होतं? फार तर चार शब्द ऐकावे लागले असते. पण याची जीभ आधी स्वतःला वाचवायला धावली. "सांगितलं होतं मॅडम, स्वतः जाऊन. आबा विसरले असतील. वय झालंय आता."

आबा भांडले नाहीत. कपाळाला हात लावून म्हणाले, "सांगितलं असशील रे." आणि छन्नी-हातोडा घेऊन स्वतःचीच भिंत फोडायला बसले. पोरं मदतीला धावली. त्यातल्या एकाने सुपरवायझरकडे असं पाहिलं, की त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवणाच्या सुट्टीत आबा टाकीआड सुनेशी बोलत होते. फोनवर ओरडूनच बोलायची सवय, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं. "तू म्हणायचीस ना, माझ्या लक्षात राहत नाही? खरंय गं. समोर येऊन सांगितलेलं आठवत नाही मला. उद्या परांचीचा दोर बांधायला विसरलो, तर कुणाच्या तरी लेकराचा जीव जाईल. आजपासून काम बंद. आणि हे बघ, नातीला शाळेतून आणायला मला पाठवू नकोस. रस्ता चुकलो तर?"

सुपरवायझरचा घास हातातच राहिला. इतकी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती. तो उठला आणि सगळ्यांदेखत आबांसमोर जाऊन उभा राहिला.

"आबा, मी सांगितलंच नव्हतं. मीच विसरलो, आणि वर खोटं बोललो. तुमचं डोकं अगदी शाबूत आहे."

"हो आबा, खरंच," पोरंही म्हणाली.

आबा थापी फडक्यात गुंडाळत होते. त्यांनी एकेकाकडे पाहिलं आणि हसले. "सगळ्यांनी मिळून ठरवलंत होय?"

मग त्यांनी सुपरवायझरच्या पाठीवरून हात फिरवला. तो हात त्याला सोसवेना.

"गुणाचा आहेस बाबा. म्हाताऱ्याचं मन राखायला सगळं स्वतःवर घेतोस. पण असं खोटं बोलू नये."