हळद लावलेली कापशी

आमच्या चाळीच्या तळमजल्यावरची पिठाची गिरणी बंद पडली, तेव्हापासून तिथे मांजरं राहतात आणि मी त्यांची चाकरी करते. लालबागमधली बेवारस, लंगडी, डोळा गेलेली, सगळी तिथे असतात. रविवारी दुपारी लोक बघायला येतात. नियम एकच. चटईवर गप्प बसायचं, कुणाला उचलायचं नाही. जे मांजर आपणहून येऊन मांडीत झोपेल, ते हवं तर घरी न्यायचं. उलटं चालत नाही. पुष्कळ लोक नाक मुरडून जातात. जाऊ देत.

फक्त कापशी कुणाला द्यायची नव्हती. पांढरीशुभ्र, वरच्या मजल्यावरच्या सीतारामकाकांची. काका कापडगिरणीच्या गेटवर कामगारांची झडती घ्यायचे. गिरणी गेली, मग बायको जाईबाई गेली, आणि घरात बोलायला हीच उरली. डॉक्टरांनी सांगितलेल्या ऑपरेशनला काका तयारच होईनात. शेवटी म्हणाले, "नलू, हिका सांभाळतलंस तर जातंय. नायतर नाय." मी शब्द दिला. भिंतीवर ठळक पाटी लावली, पांढरी मांजर कोणालाही देऊ नये.

आज पाच वाजता काका घरी यायचे होते. साडेतीनला मी मासळी घेऊन परतले, तर कापशी नव्हती.

पिंपांमागे बघितलं, माळ्यावर बघितलं. डब्यातला सुका जवळा खुळखुळवला. झाडून सगळी धावत आली, ती सोडून. दर्शना बँकेत आहे, रविवारी मदतीला येते, दुपारी तीच इथे होती. तिला फैलावर घेतलं.

"शप्पथ ताई, पांढरी नाय दिली. एक पिवळी दिली फक्त. पाटी वाचूनच देते ना मी?"

पिवळी आमच्याकडे पाच आहेत. म्हणजे कापशी रस्त्यावर गेली. बाहेर बसगाड्या, टेम्पो. गाडीखाली वाकून वाकून माझी कंबर गेली.

साडेचारला फोन आला. शिवाजी पार्कच्या मनवाताई, दुपारी मांजर नेलेल्या.

"तुम्ही मांजरं रंगवून देता का हो? माझ्या टॉवेलला पिवळं लागतंय."

मग लख्ख आठवलं. सकाळी बोक्याने कापशीच्या मानेला चावा घेतला होता. आमच्या घरात जखम म्हटलं की हळद आणि खोबरेल, तेही सढळ हाताने. मीच माखली होती. चाटून चाटून तिने ती पाठीपर्यंत नेली असणार.

"ताई, तिला घेऊन आत्ताच्या आत्ता या."

"पण ती माझ्या मांडीत झोपली. नियम तुमचाच ना?"

एरवी मी भांडले असते. आता हात जोडले. फोनवर हात दिसत नाहीत, हेही सुचलं नाही. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "निघते."

पण आधी टॅक्सी आली ती काकांची. पुतण्याचा हात धरून उतरले, अर्धे झाले होते. दारातूनच विचारलं, "कापशी खंय गो?"

झोपलीय, असं जिभेवर आलं होतं. गिळलं. "काका, चुकून दुसऱ्याला दिली गेली. माझ्याच चुकीने. परत येतेय."

काका पायरीवर बसले. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एकेक मांजर येऊन त्यांचे पाय हुंगून गेलं, पण त्यांनी एकाकडेही पाहिलं नाही. अशी वीस मिनिटं गेली.

मनवाताई टोपली घेऊन आल्या. काकांनी आत डोकावून मान हलवली. "ही माझी नाय."

तेवढ्यात कापशी टोपलीतून उतरली आणि सरळ त्यांच्या मांडीवर चढली. काकांनी तिच्या मानेवरून हात फिरवला, पिवळा झालेला तळवा नाकाशी नेला.

"हळद," म्हणाले. आणि मग माझ्यावर बरसले. "पाटी लिवन काय होता? दारार माणूस नको? तीस वर्सां गेटार होतंय, सुताचा एक बॉबिन भायर गेला नाय! फुडल्या आयतवारपासून हय माझी खुर्ची ठेव."

मी तिथेच, सगळ्यांसमोर रडले. मग उठून खुर्ची आणली. काका कापशीला घेऊन दारात बसले.

मनवाताई रिकामी टोपली उचलून निघाल्या. काकांनी हात आडवा केला.

"टोपली दाखवा."