काचेमागचे बूट

थोरलीने गुडघे टेकून कपाटाची काच सरकवली आणि तो डाळिंबी बूट झोपलेलं तान्हं उचलावं तसा दोन्ही हातांनी बाहेर घेतला. आत न्हाणीघरात धाकटी जाऊ केस धूत होती. पाण्याचा आवाज चालू होता, तोवर भीती नव्हती.

या कपाटाने थोरलीचा जीव खाल्ला होता. घर एकच. थोरली खाली राहायची, धाकटी वर. पण येणारी प्रत्येक बाई खाली नुसती टेकायची आणि वर जाऊन ऐसपैस बसायची. का, तर बूट बघायला. टाचेचे, बिनटाचेचे, बंदांचे, बकलांचे. सगळे एकाच बाजूला तोंड करून काचेमागे फौजेसारखे उभे. थोरली इतकी जळायची, की तिने नुसतं पातेल्याकडे बघितलं तरी दूध उतू जातं, असं तिचा घड्याळजी नवरा शपथेवर सांगायचा. इंधन वाचतं म्हणून तो काही बोलत नसे.

त्यात धाकटीचा नखरा असा, की एवढं वैभव असून पायात कायम त्याच झिजलेल्या चपला.

"जपतेय म्हणे," थोरली नाक मुरडायची. "पुढच्या जन्मी घालणार असेल."

तिने उजवा पाय बुटात सरकवला. अगदी मापाचा. मग डाव्यासाठी मागे हात घातला, तर हाताला लाकूड लागलं. शेजारचा हिरवा काढून बघितला. तोही उजव्या पायाचा. पलीकडचा राखाडीही उजवाच. फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक डावा बूट असेल तर शपथ.

एका पायात बूट घालून थोरली बगळ्यासारखी उभी राहिली आणि हळूहळू तिच्या डोक्यात उजेड पडला. दीर दुकानोदुकानी बुटांचे नमुने दाखवत फिरायचा. कारखाना नमुना देतो तो एकाच पायाचा, म्हणजे तो विकायचा किंवा घालायचा मोह कुणाला व्हायला नको.

थोरलीला इतका आनंद झाला, की तो बाहेर सांडू नये म्हणून तिला तोंडावर हात धरावा लागला. पाण्याचा आवाज थांबला. बूट जागच्या जागी गेले आणि थोरली मन लावून कप पुसू लागली.

संध्याकाळी बायका जमल्या. शिंपीणबाई नेहमीसारखी कपाटासमोरची खुर्ची अडवून बसली. 'एकदा घालून दाखव ना गं,' हे वाक्य थोरलीने जिभेखाली गोळीसारखं धरून ठेवलं होतं. चहा होऊ द्यायचा आणि मग बोलायचं. पण शिंपीणबाईची जीभ तिच्या कात्रीपेक्षा चपळ.

"काय गं, नुसते कोंडून ठेवतेस. तो डाळिंबी घाल बघू. जरा चालून दाखव."

"आत्ता कुठे? चहा निवतोय."

"निवू दे. का, तुझ्या पायाला होत नाही?"

बायका हसल्या. धाकटी उठली, कपाटापाशी गेली, काचेवर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली. ओल्या केसांखाली तिची मान लाल झाली होती.

थोरलीने कप तोंडाशी नेला, पण प्यायली नाही. एवढ्या वर्षांची भूक आणि ताट समोर वाढलेलं. आता फक्त गप्प बसायचं होतं. पण हे कपाट पोकळ निघालं, तर थोरली इतकी वर्षं कशावर जळत होती, हेही या बायका विचारणार. विचारणार आणि पोट धरून हसणार.

"ती कशी घालेल?" थोरली म्हणाली. "तो जोड तिने मला दिलाय."

"तुला?" शिंपीणबाई वळली.

"मला. अगदी मापाचा आहे."

"मग तू घाल."

"संध्याकाळी पाय सुजतात माझे. सुजलेला पाय घालून नव्या बुटाचं वाटोळं करू?"

सगळ्या बायका तिच्या पायांकडे बघू लागल्या. शिंपीणबाईने अर्धा चहा तसाच खाली ठेवला.

"नशीब काढलंस बाई," ती म्हणाली, पण चेहरा असा, की कुणी तिचं चांगलं कापड उलटं कापलं असावं. थोरलीने निवलेला चहा घोट घोट घेत संपवला. इतका गोड चहा ती जन्मात प्यायली नव्हती.

बायका गेल्यावर दोघी एकमेकींकडे न बघता कप गोळा करू लागल्या.

"कधी बघितलंत, जाऊबाई?"

"दुपारी. तू केस धूत होतीस."

धाकटीने मान हलवली. "जुने नमुने टाकून द्यायलाच निघाले होते हे. मी आपला एक ठेवला, शोभेला. शिंपीणबाई बघून घटकाभर गप्प बसल्या. मग म्हटलं, दुसरा ठेवून बघावा."

थोरलीने फडकं घेतलं आणि काचेवरचा धाकटीच्या हाताचा ठसा पुसला.

"हिरवाही मला दिलास म्हणून सांग तिला."

"सांगते."

"आणि तो राखाडी."

धाकटीचा हात थांबला. "राखाडी नको. तो माझा आवडता आहे."

"एवढे आहेत तुला. एक दिलास तर काय बिघडलं?"

"दुसरा कुठलाही घ्या, जाऊबाई. राखाडी नाही द्यायची मी."

थोरलीने फडकं खाली टाकलं. पाय आपटत जिना उतरली. तिलाही पहिल्यापासून राखाडीच हवा होता.