खललेली गोळी

होंगआजोबा दुकानात आले ते रुमालाची पुरचुंडी घेऊन. काउंटरवर ती सोडून म्हणाले, "बघ. तीनदा दिली, तीनदा थुंकली."

आत रक्तदाबाची गोळी होती, अर्धी विरघळलेली.

तुंगकांग बंदरातल्या मासळी लिलावाच्या शेडसमोर माझं औषधांचं दुकान आहे. होंगआजोबांनी चाळीस वर्षं ट्यूनाच्या बोटींवर इंजिन सांभाळलं. त्यांच्या बायकोला, आतुआनआजींना, अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून धड गिळता येत नव्हतं.

"पपईत घालून दिली का?" मी विचारलं.

"पपई खाते की! माशातला काटा काढावा तशी गोळी तेवढी बाहेर काढते."

आजींची सगळी औषधं मी तपासली. एका कॅप्सूलच्या जागी डॉक्टरांकडून पातळ औषध लिहून घेतलं. बाकीच्या गोळ्या खलून चालणार होत्या. आजोबांना मी चिनीमातीचा छोटा खल, बिनसुईची सिरिंज आणि पाणी दाट करायची पावडर दिली. आजींना ताठ बसवायचं, हनुवटी खाली, चांगल्या बाजूच्या गालात थोडं थोडं सोडायचं, सगळं करून दाखवलं.

"आणि एक लक्षात ठेवा," मी म्हणाले, "यापुढे आजींची प्रत्येक गोळी खलूनच द्यायची."

माझं हे वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं.

आजोबांचा हात लवकर बसला. पावडरचा नवा डबा द्यायला एकदा मी घरी गेले, तर बाह्या सरसावून ते आजींसमोर बसले होते. आजी अडखळत मला म्हणाल्या, "पन्नास वर्षांत... कधी चहा दिला नाही. आता दिवसातून तीनदा पाजतोय."

"तोंड मीट, नाहीतर सांडेल," आजोबा म्हणाले. दोघंही हसले आणि खरंच थोडं सांडलं.

नव्या वर्षाच्या सणानंतर आजींची पाठ दुखायला लागली. मुलगी श्योऊलान त्यांना शहरातल्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेली. मणक्यात कर्करोग निघाला. दुखणं थांबवायच्या गोळ्या तिथूनच मिळाल्या. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

दहाएक दिवसांनी आजोबा आले. बाहीवर सुतकाचा गोणपाटाचा तुकडा टाचलेला. तो पाहून मी काउंटरमागून बाहेर आले. त्यांनी धुऊन पुसून आणलेला खल माझ्या हातात दिला.

"दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल," ते म्हणाले. "शेवटी शांत गेली गं. नवी गोळी दिली आणि तासाभरात दुखणं पळालं. मला म्हणाली, जरा पडते. दुपारची झोपली, ती उठलीच नाही." मग त्यांनी खिशातून पाकीट काढलं. "या उरल्यात. महागातल्या दिसतात. बघ कुणाला चालतील तर."

मी पाकीट उलटं करून मागचा मजकूर दोनदा वाचला.

"काय लिहिलंय?" आजोबांनी विचारलं. "अक्षर फार बारीक आहे. मला चष्म्यानंही दिसत नाही."

काही नाही, असं म्हणता आलं असतं. मी मोठ्यानं वाचलं. "अख्खी गिळावी. चावू नये, खलू नये."

"का?"

"ही गोळी पोटात बारा तास हळूहळू झिरपते, आजोबा. खलली की सगळं औषध एकदम अंगात उतरतं."

मग मीच म्हणाले, "चूक माझी आहे. प्रत्येक गोळी खला, असं मीच सांगितलं होतं."

"सांगितलं तू. खलली मी. पिठासारखी." ते स्टुलावर बसले. मग त्यांनी विचारलं, "तिला त्रास झाला असेल?"

"नाही. झोप गाढ होत गेली असेल." एवढंच मला खात्रीनं सांगता येत होतं.

तेवढ्यात कुणीतरी खोकल्याचं औषध मागायला आलं. ते देऊन मी वळले, तर स्टूल रिकामं होतं.

दुसऱ्या दिवशी श्योऊलान आली. "आईचे जेमतेम तीन महिने उरले होते," ती म्हणाली. "बाबांना कशाला सांगितलंस? आता ते जेवत नाहीत. तुझं मन हलकं झालं असेल ना?"

माझं मन हलकं झालं नव्हतं. मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा आजोबांनी मला उदबत्ती पेटवून दिली. आजींच्या फोटोला नमस्कार करून मी निघेपर्यंत ते दाराकडे पाठ करून बसून राहिले.

आता मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला विचारते, दुसरीकडून काही औषध आणलंय का, घरातली सगळी पाकिटं दाखवा. लोक कंटाळतात. "ताई, मलम द्या नुसतं," म्हणतात. तरी विचारते.

होंगआजोबा स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या देवळामागच्या दुकानातून आणतात. माझ्या दारावरून सायकलनं जातात, हँडलला त्या दुकानाची हिरवी पिशवी लटकलेली असते. गेल्या महिन्यात नेमकी माझ्या दारात त्यांची साखळी उतरली. त्यांनी ती बसवली, तोवर मी फडकं घेऊन बाहेर गेले. त्यांनी हात पुसले, फडकं परत दिलं.

"तुझं शटर फार ओरडतं सकाळी," ते म्हणाले. "ग्रीस लाव."

आणि सायकलवर बसून गेले. मी ग्रीस लावलं. औषधं ते अजून तिकडूनच आणतात.