एका जनावरामागं एक माणूस

ओ ताई, इकडं लिंबाखाली या. तिथं पत्र्याखाली भाजून निघताल. तुमचा नंबर आमच्या मागून हाय, अन् आत बकरी गेलीया, ती काय जल्दी निघत न्हाई. टोपल्यात मांजर हाय का? आसू द्या. ठिवा इथंच बिनधास्त. आमची कुत्री मांजराच्या नादी लागायची न्हाई आता.

बसा. एक गोष्ट सांगतो. खरी हाय, अन् ह्याच फाटकावर झालेली. त्या ओट्यावर म्हातारा-म्हातारी बसलेत न्हाई का, कुत्रीला मधी घेऊन? त्यांची. अन् तो निळा बोर्ड दिसतो का? ‘एका जनावरासोबत एकच व्यक्ती.’ त्याची बी.

मी कल्याण. बदनापूरच्या अलीकडं आमचं गाव, छोटा हत्ती टेम्पो चालवतो. ते सर्जेदादा, रेल्वेत गँगमन व्हते. त्या बेबीवैनी. दादाला ही भुरी रुळाच्या कडंला सापडली, मुठीएवढी. वैनीनं कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून जगवली. लेक एकच, दीपमाला, ती नांदायला नागपुराकडं. मंग घरात हे तिघंच.

भुरीचं एक वेगळंच व्हतं बघा. तोंड वैनीचं ऐकायचं अन् पाय दादाचं. वैनी बोलत आसंल तर कुणाला चावायची न्हाई, पण एका जागी थांबायची बी न्हाई. दादानं धरली तर जागची हलायची न्हाई, पण जवळ येईल त्याला फाडायची. दोघं मिळून एक मालक, आसं समजा.

करोनाचं पयलं साल. सगळं बंद. सकाळी उठून बघतेत तर भुरीच्या तोंडातून लाळेची तार. जबडा उघडाच. पाणी ठिवलं तर वाकायची अन् मागं सरायची. आता तुमीच सांगा, गावाला काय वाटंल?

आमच्याकडं हरिओम म्हणून एक हाय. चुलता सरपंच, म्हणून हा बी सरपंच. वेशीत बांबू आडवा टाकून बसायचा, कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या नाकावर मास्क न्हाई. तो पोरं अन् काठ्या घेऊनच आला.

“काकू, बाजूला व्हा. कुत्री पिसाळली.”

वैनी दारातच बसल्या, मांडी घालून. “तुला कसं रे कळलं? डॉक्टर कधी झाला तू?”

“लाळ गळून राह्यली, पाण्याला भेती. आणखी काय पाह्यजे? एक करोना कमी हाय का गावाला?”

“तुला दहावी तीनदा चावली. तवा आमी काठ्या काढल्या का?”

पोरं फिदीफिदी हसली. हरिओमचं तोंड लाल. मंग म्हन्ला, “दिवस मावळायच्या आत डॉक्टरकडून समजून आणा. न्हाई तर आमी आमच्या हातानं काम उरकू. गावाचा सवाल हाय.”

वैनी उठल्या अन् तशाच माझ्या दारात. “कल्याणभाऊ, गाडी काढता का?”

माझ्या गाडीला भाजीचा पास व्हता. मेथी जालन्याला टाकायचीच व्हती. तेवढ्यात आमच्या बायकोनं, गिरिजाबाईनं, एक कोंबडी हातात दिली, पाय बांधून. “माझ्या बहिणीकडं दिऊन या. लई दिवस झाले त्यांच्या घरात रस्सा न्हाई.” कोंबडी शिटाखाली, मेथी मागं, मेथीच्या मधी दादा, वैनी अन् भुरी, वरून ताडपत्री. निघालो.

जालन्याच्या तोंडाशी नाकाबंदी. हवालदार म्हन्ला, “मागं काय?”

“मेथी, साहेब.”

तेवढ्यात ताडपत्रीखालून गुर्रर्र.

“मेथी गुरगुरती का रे?”

“ताजी हाय, साहेब.”

त्यानं काठीनं ताडपत्री उचलली. मला वाटलं, आता पाठ गेली. मेथीच्या जुड्यात वैनी बसलेल्या, भुरीचं लाळेनं भरलेलं तोंड स्वतःच्या पदरात. त्यानं त्यांच्याकडं बघितलं, कुत्रीकडं बघितलं. “मास्क वर घे बे,” मला म्हन्ला, अन् ताडपत्री सोडली. कोण कसा निघंल, सांगता येत न्हाई, ताई.

आलो इथं, जुन्या जालन्यात. तवा हा दवाखाना प्रियदर्शनी मॅडमचा. फाटकावर कडूबा, त्यांचा कंपाउंडर. एका हातात सॅनिटायझर, दुसऱ्या हातात बांबू. बोर्ड नवा कोरा, रंग वाळलेला बी न्हाई.

“एका जनावरामागं एकच माणूस,” कडूबा म्हन्ला. “कोण येतं, ठरवा.”

दादा म्हन्ले, “दोघं लागतेत, बाबा. मी एकटा धरीन तर ती मॅडमला फाडंल.”

“मंग मावशी येऊ द्या.”

“ती एकटी आसली तर कुत्री टेबलावर थांबायची न्हाई.”

“मंग दोन दिवसांनी या, शांत झाल्यावर.”

“दोन दिवसांनी?” वैनी पुढं झाल्या. “आज दिवस मावळला की हिला काठ्या हायेत तिकडं. मी फाटकाबाहेर थांबू का?”

“मावशी, सगळेच थांबून राह्यले. बघा ही लाइन.”

वैनीचा आवाज काय मोठा व्हत न्हाई कधी. तसाच बारीक, पण सगळ्या लाइनीनं ऐकला. “फाटकाबाहेर उभं ऱ्हायाचं आमाला शिकवू नको, लेकरा. लई पिढ्या उभ्या राह्यल्या आमच्या. आमी बाबासाहेबाची लेकरं. मी काय उभी ऱ्हाणार न्हाई.”

कडूबा वरमला बिचारा. “तसं न्हाई हो मावशी. करोना हाय. खोली केवढी, मॅडमचे वडील वर दम्यानं पडलेले. नियम सगळ्याला एक. एक जनावर, एक माणूस. मला बी वाईट वाटतं, पण...”

त्याचं खोटं न्हवतं. पण वैनीचं बी खोटं न्हवतं. दोन खऱ्या गोष्टी एकमेकीच्या आडव्या आल्या की माणसानं तिसरी शोधावी, आसं आमचा बाप म्हणायचा. मी इकडं-तिकडं बघू लागलो, तर शिटाखालून आवाज आला. कॉक.

कोंबडी काढली, पाय सोडले अन् दादाच्या काखंत दिली.

“कडूबा, जनावरं किती?”

“...दोन.”

“माणसं?”

तो बोर्डाकडं बघू लागला. बोर्डात काय सापडंना त्याला. “कोंबडीला काय झालंया?”

दादा एकदम गंभीर. “सकाळपासून बोलून न्हाई राह्यली.”

कोंबडी तवाच कॉक म्हन्ली. लाइन हसून लोळली. मागून कुणी ओरडलं, “सोड ना बे कडूबा, दोन जनावरं हायेत, बराबर हिशोब हाय!” कडूबानं वर बघितलं, खाली बघितलं अन् फाटक उघडलं. पण सॅनिटायझर मारला हां. चौघांच्या बी अंगावर.

मी खिडकीच्या जाळीला नाक लावून उभा. मॅडमनं हातमोज्यावर हातमोजे चढवले. इचारलं, लस दिली व्हती का? दादा म्हन्ले, दरसाली, चुकवली न्हाई. मंग दादानं कोंबडी खुर्चीवर ठिवली अन् भुरीला मागून कवळ्यात घेतलं. गँगमनचे हात ते, रूळ उचललेले. वैनी भुरीच्या तोंडापाशी तोंड नेऊन बोलू लागल्या. काय बोलत व्हत्या देव जाणे, मला वाटतं घरातलंच कायतरी, पीठ सरलं, लेकीचा फोन आल्ता, आसलं. भुरी त्यांच्याकडं बघत राह्यली. मॅडमनं बॅटरी मारली, चिमटा घातला, एक पिळा दिला, अन् कट्ट.

हाडूक! टाळूत आडवं आडकलेलं, दोन दाढांच्या मधी, पाचर ठोकल्यावाणी. त्याच्यानं तोंड मिटंना, पाणी गिळंना, लाळ थांबंना. पिसाळली-बिसाळली काय न्हाई. हाडूक निघालं तसं भुरीनं आधी वैनीचा मास्क चाटला, मंग खाली उतरून बादलीभर पाणी पेली.

मॅडम म्हन्ल्या, “आता दुसरा पेशंट.” मास्कात हसत व्हत्या, डोळ्यावरून कळतं ना. कोंबडीचं पोट दाबून बघितलं बराबर. “हिला काही नाही. रश्श्यापासून जपा.”

आता मला सांगा, ताई, डॉक्टरनं तपासलेली कोंबडी कापायची कशी? मेव्हणीला मी मेथी दिली. ती आजून बोलून दाखवती.

बाहेर आलो तर एक बाई तिच्या लेकराचा हात धरून उभी. लेकराचा ससा, अन् लेकरू म्हणतं मी बी आत येणार. बाई म्हन्ली, भाऊ, कोंबडी द्या ना जरा. दिली. मंग कुणी आणखी मागितली. त्या दिवशी ती कोंबडी किती बार आत जाऊन आली, मोजलं न्हाई. शेवटी मॅडमच ओरडल्या आतून, “कडूबा, ही तीच आहे ना रे?”

दिवस बुडायला आल्ता. गावात शिरलो, तर वेशीच्या बांबूपाशी हरिओम अन् काठ्या तयार. वैनी गाडीतून उतरल्या, भुरी मागून, तोंड बंद करून, शेपूट वर. वैनीनं पदराची गाठ सोडली अन् हाडूक बांबूवर ठिवलं.

“हा घे तुझा पिसाळलेला रोग.”

हरिओम म्हन्ला, “हाडूकच व्हतं तर बरं झालं की.”

“झालं ना बरं. पण मला एक सांग.” तोच आवाज, बारीक. “मटणाची दुकानं बंद होऊन महिना झाला. गावात बकरू कापायचं न्हाई म्हणून तूच दवंडी दिली. मंग हे एवढं ताजं हाडूक माझ्या कुत्रीला कुणाच्या मळ्यात सापडलं?”

पोरं हरिओमकडं बघू लागली, हरिओम पोरांकडं. पार्टीला कोण कोण व्हतं, ते तोंडावरूनच दिसून राह्यलं. एकानं काठी पाठीमागं नेली. मंग हरिओमनं सोताच्या हातानं बांबू उचलला. वैनी, दादा, भुरी मधून गेले. मागून मी, कोंबडी घेऊन. तो बांबू परत आडवा झालेला मी बघितला न्हाई.

हे झालं तवाचं.

आता आजचं ऐका. भुरीला आता वय झालं. तिची किडनी गेली. आठवडा झाला, भाकर हुंगती अन् तोंड फिरवती. काल दीपमाला फोनवर लई रडली, पण तीच म्हन्ली, नका हाल करू तिचे. आज भुरी शेवटची सुई घेणार हाय, अन् मंग घरी आमी तिघंच जाणार.

मला वाटलं, करोना गेला तर बोर्ड बी गेला आसंल. म्हणून कायच आणलं न्हाई संगट. प्रियदर्शनी मॅडम संभाजीनगरला गेल्या, कडूबा गावाकडं शेती करतो. आता डॉक्टर नवा अन् फाटकावरचा बी नवा, मिथुन. मी इचारलं मघाशी. म्हणतो, काका, बोर्ड हाय तवर नियम हाय, म्हाताऱ्यापैकी एकाला पाठवा. भांडलो आसतो मी, माझं नरडं काय बसलं न्हाई. पण वैनीनं हात धरला. म्हन्ल्या, आज मोठ्यानं बोलू नका भाऊ, भुरी दचकती.

दादाची नजर गेली आता. हात मात्र हायेत. अन् भुरीनं आजवर एकट्यापाशी कधी अंग टाकलं न्हाई, ताई. आज शेवटाला तिला दोघांपैकी एकच कसा देऊ? ह्यो नियम मी तवा मानला न्हाई, आज तर बिलकुल मानणार न्हाई. पण आमची कोंबडी मेली, दोन सालं झाली. म्हातारी होऊन मेली, आपल्या मौतीनं.

ती बघा, बकरी बाहेर आली.

तुमचं मांजर द्या ना थोडा वेळ. टोपल्यासगट. दादा नीट धरतील.