धावपट्टीचे दुसरे टोक

अपघात झाला की सगळ्यात आधी कोण सापडते? दैव! ते बिचारे कधी उलटून बोलत नाही.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात त्या दुपारी हेच चालले होते. पिकांवर औषध फवारणारे विमान आदल्या दिवशी उड्डाण करताना धावपट्टीच्या टोकाच्या कुंपणात घुसले. कॅप्टन वाचला, पण कमरेखाली त्याला काहीच जाणवत नव्हते. भेटायला येणारा जो तो "नशिबाचे भोग!" म्हणून मान हलवत होता. विमान ज्यांचे होते ते मालकही म्हणाले, "वहिनी, दैवापुढे कुणाचं काय चालतं?"

कॅप्टनच्या बायकोने हातातला डबा बाकावर आपटला.

"दैवाला कशाला मध्ये आणता, भाऊजी? काल दुपारी वारा कुठून होता?"

"वारा?"

"पाठीमागून होता! उडताना वारा समोरून हवा, हे तुम्हाला मी सांगायचं? सकाळी औषधाचा टँकर उभा असतो त्या टोकाकडून उडणं ठीक असतं. दुपारी वारा फिरतो. टँकर पलीकडच्या टोकाला न्या, ऊन चढलं की हवा पातळ होते, औषधाची टाकी अर्धीच भरा, असं हे तुमच्या कानीकपाळी ओरडत होते. तुम्ही काय म्हणालात? 'वेळ काय झाडाला लागतो? रोज तर उडतंय!'"

शब्द मालकांचेच होते. टँकर हलवायचा म्हणजे पाइप गुंडाळा, पंप उचला, आणि तोवर शेतकरी फोनवर बोंबलणार. म्हणून वारा कसा, ऊन किती, वजन किती, पट्टी पुरेल का, हा उड्डाणाआधीचा हिशेबच त्यांनी बासनात गुंडाळून ठेवला होता. केवढा हा बेफिकीरपणा! पाय गेले दुसऱ्याचे आणि खापर दैवाच्या माथी!

"आणि आज दुसरं विमान कोण उडवतंय?" वहिनींनी विचारले.

मालकांच्या तोंडचे पाणी पळाले. त्यांचा सख्खा भाचा! सकाळी त्यांनीच बजावले होते, "कालचं काम राहिलंय, टाकी गच्च भर." त्यांनी फोन लावला, पण इंजिनाच्या आवाजात तो कोण उचलणार? ते गाडीकडे धावले.

पोचले तेव्हा विमान टँकरच्याच टोकाला उभे होते आणि पंखा गरगरत होता. वारा दाखवणारी खांबावरची कापडी नळी विमान जाणार त्याच दिशेला ताठ झाली होती. म्हणजे वारा पाठीमागूनच! मालकांनी मागचापुढचा विचार न करता गाडी धावपट्टीवर घातली आणि विमानासमोर आडवी लावली.

भाचा इंजिन बंद करून तणतणतच उतरला. "मामा, वेड लागलंय का? रोज तर उडतंय!"

"परवापर्यंत कॅप्टनचंही उडत होतं. विमानाचं पुस्तक काढ. माझ्यासमोर हिशेब कर."

दोघे विमानाच्या सावलीत बसले. भाच्याने पुस्तकातला तक्ता उघडला. भरलेल्या टाकीचे वजन धरले, ऊन धरले, मागचा वारा धरला, पट्टीवरचे ओले गवत धरले. आलेले उत्तर पाहून त्याने हिशेब पुन्हा केला. तेच आले. विमान जमीन सोडणार होते ते कुंपणाच्या बरेच पलीकडे.

"मामा, मीही कुंपणातच गेलो असतो!" तो म्हणाला. चेहरा पांढराफटक पडला होता.

मालकांनी स्वतः बाह्या सरसावून टँकर दुसऱ्या टोकाला नेला. भरलेली टाकी अर्धी रिकामी केली. नव्याने हिशेब केला, तो जुळला, आणि मगच विमान उडाले. तेवढ्यात एका शेतकऱ्याचा फोन आलाच. "अहो, अजून किती वेळ? पीक किडीनं खाल्लं माझं!"

"खेपा वाढल्यात, उशीर होणार. चालत नसेल तर दुसरं विमान बघा," मालक म्हणाले. असे बोलण्याची त्यांच्या उभ्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ होती.

संध्याकाळी ते हॉस्पिटलात परतले. "वहिनी, चूक माझी होती. चौकशीतही हेच सांगणार आहे."

"ते सांगालच. पोरगं नीट उतरलं का?"

"उतरलं."

तेव्हा कुठे, अपघातानंतर पहिल्यांदाच, वहिनींना रडू फुटले.

वाचकहो, काल निभावले म्हणून आजही निभावेल असे समजून माणसे कामाला जुंपणे हा निव्वळ जुगार आहे आणि त्यात पणाला लागतो तो दुसऱ्याचा जीव! निघण्याआधी हिशेब करा. ज्याला तेवढी सवड नाही, त्याला कुणालाही "जा" म्हणण्याचा अधिकार नाही.