आमागासाची बोटं

मी कीबोर्ड बोलतोय. दचकू नका. जन्मभर दुसऱ्यांचं म्हणणं उमटवत आलो, आज स्वतःचं सांगतो. आणि आधीच बजावतो, मी क्षमाशील वगैरे नाही. मी सूड उगवलाय आणि त्याचा मला काडीचाही पश्चात्ताप नाही.

माझा जन्म कारखान्यातला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. रंगाने पिवळट, वजनाला दगड, आणि बटणं अशी खणखणीत की शेजारच्या टेबलावरचे लोक वैतागायचे. ओसाकाच्या निप्पोनबाशीत, कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर 'मिझुगुरुमा' नावाची छोटी प्रकाशन कंपनी होती. तिथे मी नोकरीला लागलो.

ही मंडळी वाचायचे खेळ काढत. पडद्यावर चित्र, खाली चार ओळी मजकूर, मागे हलकी धून. आपण वाचत जायचं. मध्येच एखादं पात्र आपल्यालाच प्रश्न विचारतं आणि आपण उत्तर निवडू तशी गोष्ट वळते. लोक चित्रांवर भाळून खेळ विकत घ्यायचे, पण रडायचे ते मजकुरावर. तो मजकूर माझ्यावर लिहिला जायचा.

लिहायच्या हिराइवा तोमोए. या धंद्यात लिहिणारे खरं नाव लावत नाहीत, तशा बाईही 'आमागासा' या टोपणनावाने लिहीत. आमागासा पुरुष की बाई, तरुण की म्हातारा, बाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं. साकाईला राहणाऱ्या त्यांच्या आईला वाटे, लेक छापखान्यात हिशेब बघते. बाई लिहिताना तांदळाच्या कुरकुरीत चकत्या खायच्या आणि चुरा माझ्यात सांडायच्या. तेव्हा मला राग यायचा. पण एखादं वाक्य जमलं की त्यांची बोटं माझ्यावर क्षणभर नुसती टेकून राहायची, आणि मग माझा राग जायचा.

कंपनीचे मालक ओगुरी साहेब. अंगात सदा नवा कोट, आणि तोंडात 'आमचे वाचक, आमचे वाचक'. स्वतः मात्र त्यांनी एकही ओळ कधी वाचली नाही. खेळ तयार झाला की ते बाईंच्या खुर्चीत येऊन बसायचे आणि माझं कंट्रोलचं बटण दाबून धरायचे. ते धरलं की मजकूर सुसाट पळतो, चित्रं तेवढी दिसतात.

"हिचे डोळे जरा मोठे करा," ते म्हणायचे. "बाकी मस्त. पाठवा."

वर्षभराची मेहनत त्यांच्या एका बोटाखाली चहा निवायच्या आत संपायची. बाई मागे उभ्या राहून बघायच्या, काही बोलायच्या नाहीत. बोलायला हवं होतं, असं मला नेहमी वाटायचं.

एका डिसेंबरात ऑफिसातच वर्षअखेरीची मेजवानी होती. पातेल्यात ओदेनचा रस्सा रटरटत होता, मुळ्याच्या आणि अंड्यांच्या वासाने खोली भरली होती. ओगुरींना चांगलीच चढली होती. ते बाईंच्या शेजारी येऊन बसले.

"हिराइवा-सान, पुढच्या वर्षी कंपनीला वीस वर्षं होतात. मोठा समारंभ करतोय. वाचकांना आमागासाला बघायचंय."

"मी नाही स्टेजवर येणार, साहेब. आधीच ठरलंय आपलं."

"तुम्हाला कोण बोलावतंय? मी होतो आमागासा."

पलीकडे अंडं सोलत बसलेला उसामी, म्हणजे खेळाचं प्रोग्रामिंग करणारा, सोलायचा थांबला.

"चेष्टा करताय," बाई म्हणाल्या.

"चेष्टा कसली? चेहरा कुणी पाहिलाय त्याचा? कथा तर मीच सुचवत आलोय की."

"तुम्ही डोळे मोठे करायला सुचवलंत, साहेब. नाव माझं आहे."

"नाव कंपनीचं. तुम्ही आजवर वापरलंत, आम्ही काही बोललो नाही. हा खेळ पुरा करा आणि विश्रांती घ्या. दमलात तुम्ही." एवढं बोलून त्यांनी बाईंच्या ताटलीत मुळ्याचा तुकडा वाढला.

अशा वेळी मान खाली घालून पेला भरायचा, ही तिथली रीत. मला तोंड असतं तर त्या कोटाला चावलो असतो.

बाईंनी खेळ पुरा केला. पण त्या दिवसांत त्यांची बोटं माझ्यावर अशी आपटत होती की माझे सांधे दुखायचे. गोष्ट चिसा नावाच्या मुलीची होती. ट्रामच्या थांब्यावर ती तुम्हाला पहिल्यांदा भेटते. चित्रात तिने संत्रं सोलून हात पुढे केलाय. मजकुरात मात्र ती म्हणते, "हे माझ्या भावाचं आहे. तुला मी काहीच देणार नाही. दिलं की माणसं निघून जातात." आणि शेवटी, सगळी गोष्ट जिथे वळते तिथे, ती विचारते: पहिल्या दिवशी मी तुला काय दिलं होतं? उत्तरं तीन. संत्रं, भाजलेलं रताळं, काहीच नाही.

हा प्रश्न बाईंनी अगदी शेवटी घातला.

"वाचणाऱ्याला सोपा आहे," उसामी म्हणाला.

"वाचणाऱ्याला," बाई म्हणाल्या, आणि किती तरी आठवड्यांनी हसल्या. तेव्हाच माझ्या लक्षात आलं, आता आपलं काम फक्त वाट बघायचं.

बाई नोकरी सोडून गेल्या. ओगुरींनी नेहमीप्रमाणे बटण दाबून सगळा खेळ पळवला. पळता मजकूर प्रश्नापाशी आपोआप थांबतो, तसा थांबला. "हे काय मध्येच?" असं म्हणून त्यांनी तिथेच खेळ बंद केला. "संत्रं छान काढलंय. पाठवा." खेळ बाजारात आला आणि लोक अक्षरशः वेडे झाले. ट्रामच्या थांब्यावर पोरं संत्री ठेवून जायला लागली.

समारंभाच्या दिवशी 'आमागासांचा कीबोर्ड' म्हणून मला स्टेजवर लाल कापडावर मांडलं. शेजारी ओगुरी, नव्या कोटात. सभागृह गच्च भरलेलं, हातात रंगीत दिव्यांच्या कांड्या. टोपणनावामागचा चेहरा पाहून काही जण रडत होते. माझं पित्त खवळलं.

पुढच्या रांगेतली एक तरुणी उठली. लेखकालाही तिथे 'सेन्सेई', म्हणजे गुरुजी, म्हणतात. "सेन्सेई, शेवटचा प्रसंग आमच्यासमोर खेळून दाखवाल?"

"का नाही? माझंच तर लेकरू आहे," म्हणत ओगुरींनी माझं कंट्रोलचं बटण दाबून धरलं. मोठ्या पडद्यावर मजकूर धावू लागला. लोकांत चुळबुळ झाली. आपलं लेकरू असं कुणी फरफटत नेतं का?

"वेळ कमी आहे," ओगुरी हसून म्हणाले.

मग पडदा थांबला. चिसाने विचारलं. ओगुरींना चित्र आठवत होतं. त्यांनी ऐटीत 'संत्रं' निवडलं.

चिसा म्हणाली, "तू तेव्हा नुसता बघत होतास. ऐकत नव्हतास." आणि पडदा काळा झाला, तेवढं वाक्य त्यावर उरलं.

कुणी ओरडलं नाही. तिथे ओरडत नाहीत. कांड्या एकेक करून खाली गेल्या.

"विसरलो बुवा," ओगुरी म्हणाले आणि खेळातून बाहेर पडायचं बटण दाबायला लागले. त्या बटणाखाली मी वर्षानुवर्षांचा चकत्यांचा चुरा घट्ट धरून ठेवला होता. ते काही हललं नाही. दाबतायत, दाबतायत, कपाळाला घाम फुटलाय, आणि मागे चिसाचं वाक्य पडद्यावर तसंच. तो घाम ठिबकून माझ्यावर पडला. इतकी गोड चव मी दुसरी घेतलेली नाही.

"चिसा काहीच का देत नाही," त्या तरुणीने अगदी आदराने विचारलं, "एवढं सांगाल का, सेन्सेई?"

ओगुरींनी घड्याळात पाहिलं आणि पुन्हा तेच अडकलेलं बटण दाबलं.

पुढे ओगुरींनी कॅमेऱ्यासमोर कमरेत वाकून माफी मागितली. पण जाता जाता डूख धरलाच. नाव कंपनीचं होतं, ते त्यांनी मारून टाकलं. 'आमागासा यापुढे लिहिणार नाहीत.' खरी कोण, हे सांगितलं नाही ते नाहीच. मला त्यांनी स्वतःच्या हाताने कचऱ्यात फेकलं. तिथून मी खाली गल्लीतल्या दुकानाबाहेर, मोडक्या मालाच्या खोक्यात आलो.

परवा एक हात त्या खोक्यात शिरला. बघायच्या आधीच मी ओळखला.

"चालतो का हो हा?" हिराइवाबाईंनी विचारलं.

"एक बटण अडकलंय, बाकी ठणठणीत," दुकानदार म्हणाला. "पण घेऊ नका, बाई. फार आवाज करतो."

"ठाऊक आहे मला."

त्यांनी मला गुडघ्यावर घेतलं. वायर कुठे जोडलेली नव्हती, समोर पडदा नव्हता. एकेक बटण दाबत त्यांनी सावकाश नाव लिहिलं, हिराइवा तोमोए. इतक्या वर्षांत त्या बोटांनी हे नाव माझ्यावर कधीच लिहिलं नव्हतं. मग बोटं तशीच टेकून राहिली.

ते कुठेच उमटलं नाही, फक्त माझ्यात आहे. म्हणून तुम्हाला सांगून ठेवतो. चिसा कुणी लिहिली असं कुणी विचारलं, तर हे नाव घ्या. ओगुरींच्या समोर घेता आलं तर फारच बरं.