दोन ठोके, तीन ठोके

टेलरबाईंना गाडी शिकायची कसली हौस! पन्नाशी उलटल्यावर कोण आपणहून क्लच-गिअरच्या नादी लागतं? पण नवऱ्याला झटका आला, उजवं अंग गेलं, वाचा गेली, आणि फिजिओथेरपीच्या डॉक्टरांनी तोंडावरच सांगितलं, "जे परत यायचं ते पहिल्या सहा महिन्यांत. रोज आणा. नंतर माझ्या हातात फारसं काही नाही." त्यातले तीन महिने संपत आले होते. दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि बसची पायरी नवऱ्याला चढवत नव्हती. शेजाऱ्याने दोन आठवडे आनंदाने ने-आण केली. तिसऱ्या आठवड्यापासून तो जिन्यात बाई दिसल्या की मोबाइल कानाला लावायचा. गाडी दारात उभी होती आणि ती चालवणारा खुर्चीत बसून होता.

लायसन्सच्या परीक्षेत बाई दोनदा आपटल्या होत्या, दोन्ही वेळा एकाच ठिकाणी. दोन खांबांच्या मधे, फुटपाथला लागून, गाडी मागे घेत लावायची. आज तिसरी खेप. आजही नापास झाल्या, तर नियमाप्रमाणे पुढचे दोन महिने परीक्षाच देता येणार नव्हती. म्हणजे उरलेल्या तीन महिन्यांतले दोन बुडालेच.

शिकवलं नवऱ्यानेच. तीस वर्षं ट्रक हाकलेला माणूस, बोलता येत नाही म्हणून गप्प बसतोय होय! मागच्या मोकळ्या मैदानात तो बाईंच्या शेजारी बसायचा आणि डाव्या मुठीने डॅशबोर्डवर ठोके द्यायचा. दोन ठोके, की स्टिअरिंग पूर्ण फुटपाथच्या बाजूला. तीन ठोके, की पूर्ण उलटं. एक ठोका म्हणजे ब्रेक. बाई चुकल्या की मूठ नुसती आपटत राहायची; ती शिवी, हे बाईंना न सांगता कळायचं. जन्मभर शिलाई मशीनचं पायडल मारलेल्या पायाला क्लच लवकर उमगला, आणि ठोक्यांवर हात तर आपोआप फिरू लागले. परीक्षेत मात्र शेजारी इन्स्पेक्टर बसायचा. हीच तर मेख होती.

"तीन संधी," इन्स्पेक्टर दार लावत म्हणाला. "तिन्ही गेल्या की उतरायचं."

शेजाऱ्याने त्यांच्याच गाडीतून दोघांना परीक्षेच्या मैदानाच्या फाटकाशी आणलं होतं आणि तो केव्हाच सटकला होता. नवरा भिंतीपाशी बाकावर बसलेला, काठी मांडीवर. बाईंनी रिव्हर्स टाकला. क्लच जरा लवकर सुटला, गाडीने गचका दिला आणि बंद पडली.

"एक."

दुसऱ्यांदा गाडी नीट मागे सरकली. स्टिअरिंग फुटपाथकडे वळलं, मागचं चाक आत निघालं. जमतंय, बाईंना वाटलं. तेवढ्यात इन्स्पेक्टरने कंटाळून पेन पॅडवर आपटलं. टक, टक, टक. बाईंच्या हातांनी विचारलंसुद्धा नाही. गर्रकन स्टिअरिंग उलटं फिरवलं. पुढचा खांब आडवा झाला.

"अहो बाई, इतक्यात कशाला फिरवलंत? छान चाललं होतं की! दोन."

बाई काय सांगणार, तुमच्या पेनाने घात केला म्हणून? त्यांनी बाकाकडे पाहिलं. नवरा पुढे वाकून लाकडावर मूठ मारत होता, तोंड वेडंवाकडं करत, जीव खाऊन. काचेआड एकही ठोका पोचत नव्हता.

"साहेब," बाई कशाबशा म्हणाल्या, "तेवढं पेन खिशात ठेवा. हात जोडते."

इन्स्पेक्टरने चमकून पाहिलं, पण ठेवलं.

बाईंनी क्लच हळूहळू सोडला. गाडी सरकली. आरशात मागचा खांब आला, तशी त्यांनीच जीभ टाळ्यावर वाजवली. टक टक. हात फिरले. थांब, अजून थांब. टक टक टक. टक.

गाडी दोन खांबांच्या मधे उभी होती. इन्स्पेक्टरने पेन काढलं आणि सही केली.

घरी येताना बाई रडत आणि हसत गाडी चालवत होत्या. नवरा कौतुकाने बघत होता. दारासमोर दोन गाड्यांच्या मधे जेमतेम जागा होती. बाईंनी रिव्हर्स टाकला, नवऱ्याने मूठ उचलली. पण ती डॅशबोर्डला लागायच्या आतच स्टिअरिंग वळलं होतं. मूठ तशीच अधांतरी राहिली. मग त्याने ती हळूच मांडीवर ठेवली आणि खिडकीबाहेर बघू लागला.

बाईंनी करकचून ब्रेक दाबला. गाडी अर्धी आत, अर्धी रस्त्यावर. मागचा गाडीवाला हॉर्न वाजवू लागला.

"अहो, आता कुठे फिरवू? सांगा ना."

तो वळला नाही.

"माझं डोकंच चालेना बघा. सगळं विसरले."

मागे आता दोन-तीन हॉर्न बोंबलत होते. बाई हलल्या नाहीत. अखेर मूठ वर आली आणि नुसती आपटली, आपटतच राहिली. बाईंनी ती शिवी निमूट ऐकून घेतली. मग तीन ठोके आले, तेव्हा त्यांनी स्टिअरिंग फिरवलं.